बातमी लिहिण्याआधी: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात, म्हणून या महिन्याचं प्रश्नोत्तरांचं सदर बातमीदारीला दिलं आहे. बहुतेक पत्रांत भाषेबद्दल विचारणा आहे: इंट्रो (बातमीची सुरुवात) कसा करावा, मथळा कसा सुचावा. उत्तरं देताना आम्ही मात्र पुन्हा पुन्हा बातमीदाराच्या वहीकडे वळलो आहोत. डेस्कवर, म्हणजे उपसंपादकांकडे, अडून राहणाऱ्या कॉपीत (बातमीदाराने पाठवलेल्या मजकुरात) दोष भाषेचा क्वचित असतो. बहुतेक वेळा जागेवर विचारायचा एखादा प्रश्न राहून गेलेला असतो.

सहा ककार वर्गात शिकवले, पण ते सगळे पहिल्या वाक्यात बसवायला गेलं की वाक्य कोलमडतं. नक्की काय करायचं?
(पत्रकारिता पदविकेची विद्यार्थिनी, लातूर)

कोण, काय, कधी, कुठे, का, कसे या सहाही प्रश्नांची उत्तरं बातमीत असायलाच हवीत, पण ती सगळी पहिल्या वाक्यात असण्याची गरज नाही. इंट्रो वीस-पंचवीस शब्दांत आटपा आणि त्यात वाचकाला सगळ्यात जास्त लागू होणारी गोष्ट सांगा. बहुतेक बातम्यांत ती ‘काय’ असते. माणूस सर्वांच्या परिचयाचा असेल तर ‘कोण’ आधी येतं. ‘कधी’ आणि ‘कुठे’ आवश्यक आहेत, पण वाक्य त्यांच्यापासून सुरू केलं की खरी बातमी मागे ढकलली जाते.

ग्रामसभेचं उदाहरण घेऊ. (प्रसंग आणि आकडे फक्त समजण्यासाठी.) तालुक्याहून येणारी कॉपी पुष्कळदा अशी असते: ‘महात्मा गांधी जयंतीचे औचित्य साधून येथील ग्रामपंचायत कार्यालयाच्या प्रांगणात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्रामसभा उत्साहात संपन्न झाली. यावेळी गावाच्या विविध प्रश्नांवर साधकबाधक चर्चा करण्यात येऊन पाणीपट्टीसह अनेक ठराव मंजूर करण्यात आले.’

सभा झाली हे गावाला ठाऊकच आहे. बातमी ‘पाणीपट्टीसह’ या एका शब्दात अडकून पडली आहे. ती मोकळी केली की इंट्रो असा होतो: ‘गावातील नळजोडणीची वार्षिक पाणीपट्टी १ एप्रिलपासून ९०० रुपयांवरून १,२०० रुपये होणार आहे. ग्रामसभेने गुरुवारी (ता. २) तसा ठराव बहुमताने मंजूर केला.’

हे लिहायला शैली लागत नाही. जुना दर, नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख या तीन गोष्टी लागतात. पहिली कॉपी लिहिणाऱ्याच्या वहीत त्या नव्हत्या, म्हणून त्याच्यावर ‘साधकबाधक चर्चा’ लिहायची वेळ आली.

दुसऱ्या परिच्छेदात ‘का’ येऊ द्या. पंपाचं वीजबिल थकलं असेल तर किती महिन्यांचं आणि किती रुपयांचं? इथे गुणाकार स्वतः करा. ६४० जोडण्या असतील तर वाढीव ३०० रुपयांनी वर्षाला १ लाख ९२ हजार रुपये जादा जमतील. थकबाकी सहा लाखांची असेल तर ही वाढ पुरत नाही, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारायचा पुढचा प्रश्न हाती येतो. त्यानंतर ‘कसे’: ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, विरोध कितीजणांनी केला आणि त्यांचं म्हणणं काय. गणपूर्ती झाली होती का, हेही पाहा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी तेवढे मतदार ग्रामसभेला हजर असावे लागतात. हजेरीच्या सह्या मोजायला दहा मिनिटं पुरतात, आणि कधी कधी तीच पहिल्या पानाची बातमी ठरते.

महत्त्वाचं आधी आणि कमी महत्त्वाचं नंतर, या रचनेला उलटा पिरॅमिड म्हणतात. तिचं कारण अगदी व्यवहारी आहे. रात्री जाहिरात आली की पान लावणारा उपसंपादक बातमी खालून कापतो, कारण त्या वेळी पूर्ण कॉपी पुन्हा वाचायला त्याच्याकडे सवड नसते. म्हणून कॉपी पाठवण्यापूर्वी शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचा, मग त्याच्या वरचा झाका. दोन्ही वेळा बातमी उभी राहिली पाहिजे. विरोध करणाऱ्याची बाजू शेवटच्या परिच्छेदात ठेवली असेल तर नेमकी तीच कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी तुमची बातमी एकतर्फी ठरते. ती तिसऱ्या परिच्छेदाच्या खाली जाऊ देऊ नका.

व्हॉट्सअपवर रोज आठ-दहा प्रेस नोट येतात. त्यातली वीस-वीस नावं गाळली की माणसं नाराज होतात. बातमी कशी करावी?
(वार्ताहर, निफाड तालुका)

प्रेस नोट खालून वर वाचा. वरचा भाग दीपप्रज्वलन, स्वागत आणि प्रमुख उपस्थितीने भरलेला असतो. कामाची गोष्ट बहुधा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सापडते. ‘संस्थेच्या वतीने पुढील महिन्यापासून मोफत डायलिसिस सुरू करण्यात येणार असल्याचे यावेळी सांगण्यात आले’ असं वाक्य तिथे दिसलं की बाकीचं बाजूला ठेवा आणि फोन उचला. यंत्रं किती? दिवसाला किती रुग्ण? मोफत सगळ्यांना, की पिवळं रेशनकार्ड असणाऱ्यांनाच? तंत्रज्ञ नेमला आहे का? नाव कुठे नोंदवायचं?

फोन प्रेस नोटवर छापलेल्या क्रमांकावर करू नका. संस्थेचा क्रमांक स्वतः मिळवा. दुसऱ्याच्या नावाने पाठवलेली खोटी पत्रकं अशीच पकडली जातात.

नावांचं म्हणाल तर ज्याने काही केलं किंवा काही सांगितलं त्याचं नाव बातमीत घ्या. जे केवळ व्यासपीठावर होते त्यांची नावं, तुमच्या दैनिकाची तशी रीत असेल तर, शेवटी एका ओळीत द्या. ‘सूत्रसंचालन अमुक यांनी केले, तर आभार तमुक यांनी मानले’ ही ओळ मात्र सोडून द्या. आणि क्रियापदाला कर्ता द्या. ‘निर्णय घेण्यात आला’ असं लिहिलं की तो कोणी घेतला हे विचारायचं राहून जातं.

पोलीस ठाण्याच्या बातम्यांत कुठला शब्द कधी वापरायचा? आणि काय छापायचंच नाही?
(नवोदित बातमीदार, छत्रपती संभाजीनगर)

प्रत्येक शब्दामागे कायद्याचा एक टप्पा आहे. टप्पा गाळला की बातमी खोटी होते आणि बदनामीचा दावा ओढवतो.

तक्रार अर्ज दिला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. अदखलपात्र नोंद (न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकत नाहीत अशा गुन्ह्याची) झाली असेल तर तसंच लिहा. गुन्हा दाखल झाला असेल तर गुन्हा क्रमांक, कलमं आणि फिर्याद किती वाजता नोंदवली हे वहीत घ्या. चौकशीसाठी ‘ताब्यात घेतलं’ आणि ‘अटक केली’ या वेगळ्या गोष्टी आहेत. अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं, त्यामुळे अटकेची बातमी दिली की दुसऱ्या दिवसाचा फॉलोअप (पुढची बातमी) ठरलेलाच असतो: पोलीस कोठडी मिळाली की न्यायालयीन? पोलीस कोठडीत तपासासाठी माणूस पोलिसांकडे राहतो, न्यायालयीन कोठडीत त्याची रवानगी कारागृहात होते. यानंतर दोषारोपपत्र, मग सुनावणी. न्यायालयाने निकाल देईपर्यंत ‘चोरट्याने’, ‘नराधमाने’ असले शब्द कॉपीत येता कामा नयेत. गुन्हा कसा घडला याचं प्रत्येक वाक्य ‘फिर्यादीनुसार’ किंवा ‘पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार’ या आधारावरच उभं करा.

कलमं लिहिताना तारीख बघा. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिता. जुन्या प्रकरणात आज अटक झाली म्हणून नवी कलमं लावून मोकळे होऊ नका. संवेदनशील प्रकरणं वगळता प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. तोंडी माहिती त्याच्याशी पडताळून घ्या.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पीडित व्यक्ती बालक असेल तर पोक्सो कायद्याचं (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम २३ लागतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळखही बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार छापता येत नाही. पीडिता हयात नसली तरी बंधन सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इथे सगळ्यात जास्त चुका नाव गाळूनही होतात. ‘अमुक वस्तीवरील, तमुक शाळेत नववीत शिकणारी, ऊसतोड मुकादमाची मुलगी’ असं लिहिलं की अख्खा गाव मुलगी ओळखतो. एक दैनिक वस्ती देतं, दुसरं शाळा देतं, तिसरं आरोपीचं नातं देतं, आणि तिन्ही वाचणाऱ्याला नाव कळतं. आरोपी घरातलाच असेल तर त्याचं नाव देणं म्हणजे मुलीचं नाव देण्यासारखंच आहे. अशा वेळी गाव सोडा, तालुका लिहा. नातं लिहायचं असेल तर आरोपीचं नाव सोडा. घराचा, दाराचा, पाठमोऱ्या आईचा फोटोही नको.

पुराच्या बातम्यांत टीएमसी, क्युसेक, मिलिमीटर यांचा गोंधळ होतो. गर्दीचे आकडेही आयोजक सांगतील तेच लिहावे लागतात. पडताळायचे कसे?
(वार्ताहर, शिरोळ)

टीएमसी म्हणजे साठा: एक अब्ज घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे वेग: सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दोन्ही जोडणारा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ११,५७४. इतक्या क्युसेकने पूर्ण २४ तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. म्हणजे ३० हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर धरणातून सुमारे २.६ टीएमसी गेलं. ‘धरणातून ३० टीएमसी वेगाने विसर्ग’ हे वाक्य अजूनही छापून येतं, आणि नदीकाठचा माणूस ते वाचून जनावरं हलवायची की नाही हे ठरवत असतो. तिथे अशी चूक माफ करण्यासारखी नाही.

कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. साठा सांगताना टीएमसी आणि टक्के दोन्ही द्या. विसर्ग सांगताना वक्र दरवाजांतून किती आणि पायथा वीजगृहातून किती, हे वेगळं विचारा, नाहीतर दोन अधिकाऱ्यांचे दोन आकडे जुळत नाहीत. नदीच्या पातळीला वेळ जोडल्याशिवाय अर्थ नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५ फूट. ‘पाणी ४१ फुटांवर’ एवढंच लिहू नका. ‘सायंकाळी सहा वाजता ४१ फूट, दुपारी तीनला ४० फूट’ असं लिहिलं की पाणी चढतंय का, हे वाचकाला स्वतःलाच दिसतं.

पावसाचा आकडा सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा असतो. मंगळवारी सकाळी मिळालेला ९० मिलिमीटरचा आकडा म्हणजे बहुतांशी सोमवारचा पाऊस. तो ‘आज पडला’ असं लिहिणं चूक. ‘अतिवृष्टी’ हा शब्दही जपून वापरा. शासनाच्या निकषात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि शेतकऱ्याची भरपाई त्यावर ठरते. मंडळाचा आकडा ५८ असताना मथळ्यात ‘अतिवृष्टी’ आलं की लोक तलाठ्याकडे जाऊन भांडतात. त्यांची दिशाभूल बातमीने केलेली असते.

गर्दी मोजण्यासाठी अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत आजही उपयोगी पडते. माणसं विरळ उभी असतील तर माणशी १० चौरस फूट, दाटीत साडेचार चौरस फूट. मैदान २०० बाय १५० फुटांचं असेल तर क्षेत्रफळ ३० हजार चौरस फूट. त्यातून व्यासपीठ आणि रिकामे कोपरे वजा करण्याआधीच विरळ गर्दी तीन हजार, दाट गर्दी सुमारे ६,७००. आयोजक ‘एक लाख’ म्हणाले तर दाटीतही साडेचार लाख चौरस फूट, म्हणजे दहा एकरांहून जास्त जागा लागेल. मैदान पावलांनी मोजा किंवा मोबाइलच्या नकाशावर मोजा. बातमीत आयोजकांचा दावा त्यांच्या नावावर टाका आणि शेजारी मैदानाचं मोजमाप द्या.

एक छोटी पण सतत होणारी चूक: कर ४ टक्क्यांवरून ६ टक्के झाला तर वाढ २ टक्के नाही. ती २ टक्केबिंदू किंवा ५० टक्के आहे.

मुलाखत रेकॉर्ड करते, तरी लिहिताना तपशील कमी पडतात. वही वापरायलाच हवी का?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मडगाव)

हवीच. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून ठेवा, काम वहीवर करा. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकून उतरवायला तीन-चार तास जातात आणि डेडलाइन तेवढं थांबत नाही. शिवाय कुलकर्णी ऱ्हस्व की दीर्घ, पद ‘उपअभियंता’ की ‘शाखा अभियंता’, हे आवाजातून कळत नाही. नाव समोरच्याकडूनच वहीत लिहून घ्या.

पानाच्या उजव्या बाजूला उत्तरं लिहा, डावी कोरी ठेवा. ऐकताना जो प्रश्न उठेल तो डावीकडे टिपा. उठण्यापूर्वी डावी बाजू वाचली की काही राहत नाही. शब्दशः घेतलेल्या वाक्यालाच अवतरणचिन्ह द्या. आशय घेतला असेल तर चिन्ह नको, नाहीतर लिहिताना दोन्हींची सरमिसळ होते. आकडे वाचून दाखवून खात्री करा. प्रत्येक दाव्यानंतर ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ आणि ‘याचा कागद आहे का?’ हे दोन प्रश्न विचारा. पहिल्या प्रश्नाने पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं होतं.

‘ऑफ द रेकॉर्ड’ बोलायचं असेल तर ते बोलण्याआधी ठरतं. बोलून झाल्यावर कोणी ‘हे छापू नका’ म्हणालं तर छापायचं की नाही हा निर्णय संपादकांना विचारून घ्या, पण जे आधी कबूल केलंत ते शेवटपर्यंत पाळा.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला, ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. काय चुकलं?
(मुक्त पत्रकार, यवतमाळ)

बहुधा तुम्ही कारण विचारलंत. ‘रस्ता का उखडला?’ याचं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. दप्तरी असलेला कागद देणं बंधनकारक आहे. त्यामुळे कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी, अंतिम देयक आणि गुणवत्ता चाचणीचा अहवाल यांच्या प्रती मागा. रस्त्याचं नाव आणि आर्थिक वर्ष द्या. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. अर्जाची पोच आणि लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा. अपिलात मुदत त्यावरच मोजली जाते.

लोक पाठवतात ते व्हिडिओ वापरावेत का?
(बातमी पोर्टलचा संपादक, पनवेल)

पाठवणाऱ्याने स्वतः काढला असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. व्हॉट्सअपवरून साध्या पद्धतीने आलेल्या व्हिडिओतून चित्रीकरणाचा तपशील गळून जातो. त्याला ‘आणखी एखादी क्लिप आहे का, याच्या आधीची किंवा नंतरची?’ असं विचारा. खऱ्या साक्षीदाराकडे बहुधा असते. मग व्हिडिओतली एखादी चौकट स्थिर करून उलट चित्रशोध घ्या, म्हणजे ते चित्र आधी कुठे आलं आहे हे इंटरनेटवर शोधा. दुकानाच्या पाट्यांची लिपी, वाहनांचे क्रमांक, बसचा रंग, सावली आणि पाऊस पाहा. पूर आला की दुसऱ्याच राज्यातला किंवा चार वर्षांपूर्वीचा पूल वाहून जाताना दिसू लागतो. जागा ओळखीची असेल तर तिथल्या माणसाला फोन करून आत्ता काय दिसतंय एवढंच विचारा.

चूक छापून गेली तर दुरुस्ती कुठे आणि कशी द्यावी?
(उपसंपादक, सोलापूर)

ज्या पानावर चूक, त्याच पानावर, शक्य तितक्या लवकरच्या अंकात. काय छापलं होतं आणि बरोबर काय आहे, दोन्ही लिहा. ‘अनवधानाने त्रुटी राहिली’ एवढ्याने वाचकाला काहीच कळत नाही. मात्र कोणाची बदनामी झाली असेल किंवा पीडितेची ओळख फुटली असेल तर चुकीचा मजकूर पुन्हा छापू नका, फक्त योग्य ते द्या आणि आधी संपादक व वकिलांशी बोला. पोर्टलवरची बातमी गुपचूप बदलू नका. खाली दुरुस्तीची वेळ आणि बदललेला तपशील नोंदवा. ई-पेपर, फेसबुक आणि व्हॉट्सअप चॅनेलवर तीच बातमी गेली असेल तर तिथेही दुरुस्ती टाका, कारण लोक फॉरवर्ड करतात ती प्रत तिथून उचललेली असते.